जागा हीच का? आस्त्रावेत्स अणुवीज प्रकल्पाच्या वादाची पार्श्वभूमी

बेलारूसमधल्या आस्त्रावेत्स प्रकल्पावरचा वाद ‘अणुसुरक्षेचा वाद’ म्हणून ओळखला जातो. लिथुआनिया आणि बेलारूस यांच्यात दहा-बारा वर्षे चाललेला पत्रव्यवहार वाचला, तर अणुभट्टीच्या बांधणीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त जागा एका प्रश्नाने अडवलेली दिसते. प्रकल्प इथेच का? सीमेपासून साधारण वीस किलोमीटरवर आणि शेजारी देशाच्या राजधानीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर का? मुंबईकराला अंदाज हवा असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याण जितके दूर, साधारण तितकीच लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस या भट्ट्यांपासून दूर आहे. शिवाय प्रकल्प ज्या विलिया नदीचे पाणी उचलतो, तीच पुढे सीमा ओलांडून ‘नेरिस’ या नावाने व्हिल्नियसच्या मधून वाहते.

चेर्नोबिलची कहाणी इथे सांगायला नको. एवढेच लक्षात ठेवायचे की स्फोट युक्रेनमध्ये झाला, पण किरणोत्सर्गी राखेचा सर्वांत मोठा वाटा बेलारूसच्या वाट्याला आला आणि देशाचा जवळपास चौथा हिस्सा बाधित झाला. राजधानी मिन्स्कजवळ तेव्हा वीज आणि उष्णता पुरवणारे एक अणुकेंद्र उभे राहत होते. त्याचे काम १९८०च्या दशकाअखेरीस थांबले. १९९०च्या दशकाच्या शेवटी नेमलेल्या सरकारी आयोगाने पुढची दहा वर्षे अणुवीज केंद्र बांधू नये, अशी शिफारस केली. ती दहा वर्षे संपता संपता, जानेवारी २००८मध्ये, देशाच्या सर्वोच्च सुरक्षा मंडळाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. मधल्या काळात रशियन वायूच्या दरावरून दोन्ही मित्रदेशांत खटके उडाले होते. वायूवरचे अवलंबित्व कमी करायचे, हे कारण पुढे करण्यात आले. ते अवलंबित्व कमी करायला रशियाचीच भट्टी, रशियाचेच इंधन आणि रशियाचेच कर्ज घ्यायचे, यातली विसंगती मिन्स्कमध्ये फारशी कोणाला खटकली नाही.

सीमेपलीकडची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. लिथुआनियाचे इग्नालिना केंद्र चेर्नोबिलच्याच घराण्यातल्या दोन भट्ट्यांवर चालत होते, आणि तेही सीमेलगतच होते. त्याला थंड ठेवणारे द्रूक्श्याय सरोवर दोन्ही देशांत विभागलेले आहे. युरोपीय संघात प्रवेशाची अट म्हणून पहिली भट्टी २००४च्या अखेरीस आणि दुसरी २००९च्या अखेरीस बंद झाली. तिथेच विसागिनास येथे जपानी कंपनीची नवी भट्टी बांधायचा बेत होता. ऑक्टोबर २०१२च्या सल्लादायी सार्वमतात मतदारांनी त्याला मोठ्या फरकाने नकार दिला आणि पुढे तो बेत बारगळला. आपल्याला जे बांधता आले नाही, तेच शेजारी बांधतोय म्हणून पोटदुखी, असा बेलारूसी अधिकाऱ्यांचा टोमणा यातूनच निघाला. बाल्टिक प्रदेशाच्या वीजबाजारात दोन्ही प्रकल्प एकमेकांचे स्पर्धक ठरले असते, हे खरेच. पण एखाद्याच्या हेतूत व्यापार मिसळला म्हणून त्याचा प्रश्न चुकीचा ठरत नाही, आणि या प्रकरणात प्रश्न बरोबर होता.

सीमेजवळच्या अणुकेंद्रांवरून युरोपात आधीही भांडणे झाली. स्वीडनचे बार्सेबेक केंद्र कोपनहेगनच्या समोर, सामुद्रधुनीच्या पलीकडे होते. डॅनिश जनमताच्या रेट्याखाली त्याच्या भट्ट्या १९९९ आणि २००५मध्ये बंद झाल्या. चेक प्रजासत्ताकाच्या तेमेलीन केंद्रावरून ऑस्ट्रियन निदर्शकांनी २०००मध्ये सीमेवरचे रस्ते अडवले. अखेर त्या डिसेंबरात मेल्क इथे दोन्ही सरकारांनी समझोता केला आणि केंद्र सुरूच राहिले. या दोन प्रकरणांत एक फरक महत्त्वाचा आहे. कोपनहेगनचे म्हणणे मान्य झाले, कारण स्वीडनच्या आतच अणुऊर्जेविरुद्ध मत तयार झाले होते. मिन्स्कमध्ये असे मत तयार व्हायला वाव नव्हता. विरोधी कार्यकर्ते होते, पण त्यांना सभा घेणेही मुश्कील होते.

लिथुआनियाने मग आधार घेतला तो एस्पो कराराचा. फिनलंडमधल्या एस्पो शहरात १९९१मध्ये झालेला हा करार १९९७पासून लागू आहे. ज्या प्रकल्पाचा परिणाम सीमेपलीकडे जाऊ शकतो, त्याची सूचना शेजाऱ्याला वेळेत द्यायची, पर्यावरणीय परिणामांचा अहवाल त्याच्या लोकांपर्यंत पोहोचेल असा द्यायचा, त्याच्याशी सल्लामसलत करायची, आणि अंतिम निर्णय घेताना त्याच्या हरकतींचा विचार कसा केला हे सकारण कळवायचे. अणुभट्ट्या या यादीत आहेतच. लिथुआनिया २००१पासून आणि बेलारूस २००५पासून या कराराचे सदस्य झाले. करारात नकाराधिकार मात्र नाही. शेजाऱ्याला विचारावे लागते. त्याचे ऐकावेच लागते असे नाही.

बेलारूसने २००८च्या उन्हाळ्यात सूचना पाठवली. पुढच्या वर्षी अहवालाचा मसुदा आला. मार्च २०१०मध्ये व्हिल्नियसमध्ये जाहीर सुनावणी झाली, जूनमध्ये मिन्स्कमध्ये दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ बसले. कागदावर बघितले तर प्रक्रिया रीतसर चालली होती. लिथुआनियाची तक्रार अशी की प्रश्नांना उत्तरे मिळत नव्हती, मिळाली तर त्याच अहवालातली वाक्ये परत यायची, आणि दरम्यान मिन्स्कमध्ये निर्णय पुढे सरकतच होते. या सगळ्याची गाठ जागेच्या निवडीत आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे.

प्राथमिक छाननीनंतर तीन जागा उरल्या होत्या. क्रास्नाया पोल्याना आणि कुक्शिनोवो या दोन देशाच्या पूर्व भागात होत्या आणि आस्त्रावेत्स वायव्य टोकाला होती. पूर्वेकडच्या जागांच्या पोटात खडूचे थर आहेत. पाण्याने ते विरघळून जमिनीखाली पोकळ्या तयार होण्याचा धोका असल्याने त्या दोन जागांवर बांधकाम अवघड, असे बेलारूसी भूवैज्ञानिकांचे म्हणणे होते. डिसेंबर २००८मध्ये आस्त्रावेत्सला पसंतीची जागा घोषित केले गेले. भूगर्भाचा विचार करता कारण सबळ वाटते. पण लिथुआनियाने विचारले ते वेगळे होते. आस्त्रावेत्सच्या ३० किलोमीटरच्या आत दुसऱ्या देशाची जमीन येते आणि १०० किलोमीटरच्या आत त्याची राजधानी आणि जवळपास एकतृतीयांश लोकसंख्या. पूर्वेकडच्या जागांभोवती व्हिल्नियसएवढे मोठे शहर नव्हते. अपघात झाला तर बाहेर किती माणसे हलवावी लागतील, हा निकष तुलनेत कुठे होता? त्याला किती वजन दिले? शिवाय १९०८च्या डिसेंबरात आस्त्रावेत्सजवळच्या गुदोगाय परिसरात भूकंप झाल्याची नोंद आहे. हा परिसर भूकंपप्रवण मानला जात नाही, पण अशी नोंद असलेल्या भागालाच झुकते माप का? तीनही जागा एका तक्त्यात, एकाच निकषावर मांडून दाखवा, एवढीच मागणी होती.

असा तक्ता अखेरपर्यंत समाधानकारक रूपात हाती आला नाही. बेलारूसने पूरक माहिती दिली, पत्रे पाठवली, भूगर्भाची कारणे पुन्हा सांगितली. पण लोकसंख्या आणि सीमा यांचा विचार करून आस्त्रावेत्सच का निवडले, हे त्यात सापडत नव्हते. असा तक्ता देणे सोपेही नव्हते. कारण तुलना एकदा उघडी केली की ‘मग हा निर्णय नेमका कधी झाला?’ असा पुढचा प्रश्न येतो. २००८च्या डिसेंबरात जागा जाहीर झाली, सप्टेंबर २०११मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये बांधकामाचा हुकूम निघाला. बेलारूसच्या मते करारातला अंतिम निर्णय म्हणजे शेवटचा हुकूम. तोपर्यंत सल्लामसलत चालू होती, म्हणजे करार पाळला गेला. लिथुआनियाच्या मते, २०११च्या हुकुमाने जागा ठरली त्याच दिवशी सल्लामसलतीतला अर्थ गेला. उरलेली दोन वर्षे सुनावणी झाली ती ठरलेल्या गोष्टीवर. हा वकिली काथ्याकूट वाटेल, पण कराराचा जीव याच प्रश्नात आहे. निर्णयाचा दिवस कोणता हे ज्याच्या हातात, सल्ला कधी घ्यायचा हेही त्याच्याच हातात.

तारखा जुळवून बघितल्या तर शंका बळावते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमाच्या भट्ट्या वितळत असताना, १५ मार्चला, मिन्स्कमध्ये रशिया आणि बेलारूस यांनी प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. जूनमध्ये लिथुआनियाने एस्पो कराराच्या पालन समितीकडे अधिकृत तक्रार नोंदवली. नोव्हेंबरमध्ये रशियाच्या कर्जाचा करार झाला, त्याची मर्यादा दहा अब्ज डॉलर. २०१२च्या उन्हाळ्यात मुख्य कंत्राट झाले. तक्रार समितीपुढे प्रलंबित असताना पैसा, कंत्राट आणि माती उपसण्याचे काम या तिन्ही गोष्टी पुढे सरकल्या होत्या. ऑगस्ट २०१३मध्ये बेलारूसने लिथुआनियन नागरिकांसाठी सुनावणी ठेवली, तीही आस्त्रावेत्समध्ये, म्हणजे आपल्याच हद्दीत. शेजारच्या देशातल्या लोकांनी सीमा ओलांडून, प्रकल्पाच्या दारात येऊन हरकत नोंदवायची, हे करारात बसत नाही, असे लिथुआनिया म्हणाला. बेलारूसने सुनावणी पार पडली असे गृहीत धरले. त्याच नोव्हेंबरात पहिल्या भट्टीच्या पायाचे काँक्रीट ओतले गेले.

पालन समिती आणि नंतर सदस्य देशांची सभा यांनी २०१४मध्ये बेलारूसने कराराच्या काही तरतुदी पाळल्या नाहीत, असे ठरवले. दोन्ही देशांनी मिळून स्वतंत्र तज्ज्ञांचे पथक नेमावे असेही सुचवले गेले. ते पथक कधी बसलेच नाही. बेलारूसने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा यंत्रणेचे तपासणी पथक बोलावण्याचा पर्याय पुढे केला, आणि जानेवारी २०१७मध्ये ते येऊनही गेले. लिथुआनियाचे म्हणणे असे की, त्या तपासणीत बाहेरच्या आपत्तींना आराखडा कसा तोंड देईल, एवढेच पाहिले गेले. जागा कशी निवडली, हा टप्पा त्यात नव्हताच. पुन्हा तोच प्रश्न बाजूला राहिला.

यादरम्यान घडलेला एक प्रसंग लिथुआनियाच्या हातात आयता पडला. जुलै २०१६मध्ये पहिल्या भट्टीचे मुख्य पात्र, वजन तीनशे टनांहून जास्त, उचलण्याच्या तालमीत घसरून जमिनीवर टेकले. कित्येक दिवस अधिकृत बाजू गप्प होती. स्थानिक विरोधी कार्यकर्त्याने बातमी फोडल्यानंतर, महिन्याच्या अखेरीस, ‘असाधारण परिस्थिती’ असा उल्लेख झाला. निर्माता पात्राला धोका नसल्याचे सांगत होता. तरीही बेलारूसने ते नाकारून दुसऱ्या भट्टीसाठीचे पात्र पहिलीला वापरायचे ठरवले. डिसेंबरात ते बदली पात्र रेल्वेने येताना स्लावनोये स्थानकावर खांबाला घासले. पात्राला इजा झाली नाही, असे सांगितले गेले आणि ते खरेही असेल. पण घटना घडल्यावर दोन आठवडे गप्प बसणारा उद्या अपघात झाला तर काय करील, हा प्रश्न व्हिल्नियसला पडणे स्वाभाविक होते. चेर्नोबिलनंतर १९८६मध्येच झालेला, अपघाताची सूचना तातडीने देण्याचा करार याच भीतीतून जन्माला आला होता.

तांत्रिक बाजू बेलारूसला अनुकूल होती, हेही मान्य करायला हवे. दोन्ही भट्ट्या व्हीव्हीईआर-१२०० या रशियन प्रकारच्या, प्रत्येकी सुमारे १,२०० मेगावॅट क्षमतेच्या. दुहेरी कवच, वितळलेला गाभा झेलणारे पात्र, वीज गेली तरी काही काळ उष्णता आपोआप बाहेर टाकण्याची सोय. चेर्नोबिल किंवा इग्नालिनाशी त्यांची तुलना करणे अन्याय्य आहे. अडचण वेगळी होती. २०१३ला काँक्रीट पडले तेव्हा या आराखड्याची एकही भट्टी जगात चालू नव्हती. पहिली भट्टी रशियातल्या नोव्होवोरोनेझला २०१६मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. म्हणजे अणुकेंद्र चालवण्याचा अनुभव नसलेला देश नव्याच आराखड्याची भट्टी बांधत होता. युरोपीय नियामकांच्या गटाने घेतलेल्या ताणचाचणीचा, म्हणजे टोकाच्या आपत्तीत केंद्र टिकेल का याच्या तपासणीचा, अहवाल जुलै २०१८मध्ये आला. त्यात बेलारूसच्या कामाचे बरेच कौतुकही आहे आणि भूकंप, वीजपुरवठा खंडित होणे, गंभीर अपघात हाताळणे यावर सुधारणांच्या शिफारशीही. बेलारूसने २०१९मध्ये राष्ट्रीय कृती-आराखडा जाहीर केला. शिफारशी भट्टी सुरू होण्याआधी अमलात आणायच्या की नंतर, यावर मात्र एकमत नव्हते.

व्हिल्नियसमधली भाषा २०१७पासून कडक होत गेली. एप्रिलमध्ये तिसऱ्या देशातल्या असुरक्षित अणुकेंद्रांपासून संरक्षणाचा कायदा झाला, जूनमध्ये आस्त्रावेत्सला राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरवणारा दुसरा. लिथुआनियाने सरळ सांगितले, या केंद्राची वीज आम्ही घेणार नाही. लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या बाल्टिक देशांचे वीजजाळे तेव्हाही रशिया आणि बेलारूसच्या जाळ्याशी एकाच लयीत चालत होते, त्यामुळे ‘ही वीज त्या केंद्राची’ असे बाजारात ओळखणे जवळजवळ अशक्य. बेलारूसशी व्यापार थांबवून रशियामार्गे लॅटव्हियातून आलेल्या विजेचे काय, या मुद्द्यावर बाल्टिकच्याच तीन देशांमध्ये तुंबळ वाद झाला.

फेब्रुवारी २०१९मध्ये जिनिव्हात सदस्य देशांची मध्यावधी सभा भरली आणि जागेच्या प्रश्नाचा निकाल लागला. आस्त्रावेत्स इतर जागांपेक्षा का निवडली याचे समर्थन बेलारूसने दिलेले नाही, म्हणून करार पाळला गेला नाही, असा निर्णय झाला. सूचना दिल्यापासून साडेदहा वर्षांनी. बेलारूसने हा निर्णय राजकीय असल्याचे म्हटले. लिथुआनियाने तो विजय म्हणून साजरा केला. तोपर्यंत पहिली भट्टी पूर्णत्वाला आली होती. निर्णयाने काम थांबले नाही, कारण थांबवायचा अधिकार त्यात नव्हता. २०१९नंतर बेलारूसला काय करायला सांगितले? पुढच्या वेळी अधिक नीट करा, अशा धर्तीच्या सूचना. आपल्याकडे कोकणातल्या जैतापूरच्या वादात शेतकरी आणि मच्छीमार होते, परदेश नव्हता. पण रूपपूरकडे बघा. बांगलादेशात पद्मेच्या काठी तशाच दोन व्हीव्हीईआर-१२०० भट्ट्या उभ्या राहिल्या, सीमेपासून फार दूर नाहीत. त्या प्रकल्पात भारत विरोधक नव्हे तर सहकारी आहे, त्यामुळे जागा का, हा प्रश्नच उद्भवला नाही. प्रश्न येण्यासाठी आधी शेजाऱ्याशी पटत नसावे लागते, असा निष्कर्ष काढला तर फार चूक होणार नाही.

पुढचे सारे भराभर घडले. ऑगस्ट २०२०मध्ये पहिल्या भट्टीत इंधन भरायला सुरुवात झाली. त्याच महिन्यात वादग्रस्त राष्ट्राध्यक्षीय निवडणूक झाली आणि बेलारूस निदर्शनांनी ढवळून निघाला. लिथुआनियाने प्रकल्पाजवळच्या रहिवाशांसाठी किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड ग्रंथी वाचवणाऱ्या पोटॅशियम आयोडाइडच्या लाखो गोळ्या घेऊन ठेवल्या होत्या. ३ नोव्हेंबरला केंद्र वीजजाळ्याला जोडले गेले आणि त्याच दिवशी लिथुआनियाने बेलारूसशी विजेची व्यापारी देवघेव थांबवली. ७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत सोहळा झाला. दुसऱ्या दिवशी व्होल्टेज मोजणारे ट्रान्सफॉर्मर फुटले आणि निर्मिती थांबली. किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध नव्हता, पण बातमी उशिरा कळली. डिसेंबरमध्ये एस्पो करारातल्या सदस्यांच्या आठव्या सभेचे यजमानपद व्हिल्नियसकडे होते, साथीमुळे ती बरीचशी पडद्यावरच झाली. पन्नास किलोमीटरवर भट्टी तापलेली असताना सीमापार पर्यावरणाचे ठराव तिथे मंजूर झाले.

फेब्रुवारी २०२१मध्ये युरोपीय तज्ज्ञ पुन्हा आस्त्रावेत्सला गेले. युरोपीय संसदेने त्याच आठवड्यात केंद्राची व्यावसायिक सुरुवात थांबवावी, असा ठराव केला. जूनमध्ये पहिले युनिट व्यावसायिकरीत्या चालू झाले, दुसरे नोव्हेंबर २०२३मध्ये. बाल्टिक देश फेब्रुवारी २०२५मध्ये रशिया-बेलारूसच्या वीजजाळ्यातून कायमचे बाहेर पडले आणि युरोपच्या जाळ्याशी जोडले गेले. दरम्यान व्हिल्नियसच्या ऊर्जा धोरणात छोट्या अणुभट्ट्यांचा पर्याय शिरला आहे.

बेलारूसमध्ये तिसऱ्या भट्टीबद्दल बोलणे चालू आहे, तसेच दुसऱ्या केंद्राबद्दलही. ते केंद्र पूर्वेकडे, मोगिलेव प्रांतात उभारण्याचा पर्याय चर्चेत आहे. खडूच्या थरांमुळे २००८मध्ये नाकारलेल्या जागा याच पूर्व भागात होत्या. तिथे खरोखरच काम सुरू झाले, तर भूगर्भाची ती कारणे तेव्हा किती पक्की होती, याची नोंद कधीतरी कोणीतरी काढील.